रक्तचाचणी क्षयाचा संसर्ग सांगते, रोग नव्हे

सुरतच्या उत्तर भागातील कोसाड येथे महानगरपालिकेने झोपडपट्टीवासीयांसाठी उभारलेली मोठी गृहवसाहत आहे. अशा दाटीच्या वसाहतीत एखाद्या घरात फुप्फुसाच्या क्षयाचा रुग्ण आढळला की उरलेल्या कुटुंबीयांचे काय, हा प्रश्न उभा राहतो. त्यावर ‘इग्रा’ या रक्तचाचणीकडे बोट दाखवले जाते. मात्र या चाचणीच्या मर्यादा ओळखणे अगत्याचे आहे.

क्षयजंतूंची ओळख झालेल्या पांढऱ्या पेशी त्या जंतूंच्या विशिष्ट प्रथिनांशी पुन्हा संपर्क येताच इंटरफेरॉन गॅमा हे द्रव्य सोडतात. इग्रा ते मोजते. बीसीजी लसीमुळे तिचा निष्कर्ष बिघडत नाही. त्वचाचाचणीप्रमाणे दोन-तीन दिवसांनी केंद्रावर पुन्हा जावे लागत नसल्याने यंत्रमाग कामगाराचा रोजही बुडत नाही. परंतु जंतू सुप्त आहेत की रोग जडला आहे, हे ती सांगू शकत नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोकांत संसर्ग आढळला होता. संसर्ग झालेल्यांपैकी आयुष्यभरात सुमारे ५ ते १० टक्के जणांनाच रोग होतो.

म्हणूनच केवळ इग्राच्या आधारे क्षयाचे निदान करणे घातक ठरेल. प्रतिपिंडांवर आधारित रक्तचाचण्यांचा असाच गैरवापर बोकाळल्याने केंद्र सरकारने २०१२ मध्ये त्यांवर बंदी घातली. इग्रा त्यांहून वेगळी असली तरी रोगाच्या निदानासाठी थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे यांना पर्याय नाही.

२०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार रुग्णाच्या घरातील पाच वर्षांखालील बालकांना, रोग नसल्याची खात्री करून, संसर्गाच्या चाचणीविना प्रतिबंधक औषध देता येते. मोठ्यांसाठीही चाचणी उपलब्ध नाही म्हणून उपचार अडवू नयेत, असे त्यांत म्हटले आहे. हे उपचार म्हणजे आठवड्यातून एकदा अशा १२ मात्रा किंवा सहा महिने रोज गोळी. धडधाकट माणसाला इतके दिवस औषध घ्यायला राजी करणे, हीच खरी कसोटी आहे.

क्षयमुक्तीसाठी देशाने ठरवलेली २०२५ ची मुदत उलटली आहे. गोव्यातील औद्योगिक वसाहतींलगत एकाच खोलीत दाटीवाटीने राहणाऱ्या कामगारांनाही हेच लागू पडते. चाचणीनंतर त्यांच्या दारी औषध आणि पाठपुरावा पोहोचला नाही, तर तो अहवाल निव्वळ कागद ठरेल.