गंगू तेलणीचा हिशेब



साच्यावरचा माणूस पगारवाढीचं बोलला, की टेबलामागचा साहेब हसून म्हणतो, “कुठे राजा भोज आणि कुठे गंगू तेली!” आणि राजारामपुरीच्या कट्ट्यावर बसून आपणही एकमेकांना हीच म्हण मारतो. म्हणून आज आम्ही या म्हणीचाच हिशेब मागणार आहोत.

पहिला घोटाळा राजाचा. भोज दोन झाले. एक माळव्यातला, धारचा परमार भोज, अकराव्या शतकातला. दुसरा आपला, पन्हाळ्याचा शिलाहार भोज. सुमारे ११७५ ते १२१२. मध्ये शंभरावर वर्षं गेली, पण लोकांनी दोघांना एकाच गादीवर बसवलं!

दुसरा घोटाळा पंडितांचा. ते म्हणतात, गंगू म्हणजे कलचुरी गांगेय, तेली म्हणजे चालुक्य तैलप. धारच्या भोजाने दोघांना लोळवलं, तीच ही म्हण. ऐकायला झकास! पण तैलप ९९७ साली वारला आणि भोज गादीवर आला त्याच्यानंतर. मेलेल्या राजाशी लढाई झाली कशी?

तिसरी गोष्ट पन्हाळ्याची. तट उभा राहीना, बळी मागितला, गंगू तेलीण पुढे झाली. कुणी म्हणतं तिने स्वतःला दिलं, कुणी म्हणतं पोटचं मूल. ही लोककथा आहे, इतिहास नव्हे. बळीने भिंत उभी राहत नसते. पाया खोदणाऱ्याच्या आणि दगड बसवणाऱ्याच्या हाताने ती उभी राहते. शिवाय आज दिसणाऱ्या तटा-दरवाजांचं बरंच काम पुढच्या आदिलशाहीतलं आहे.

पण म्हणून कथा फेकून देऊ नका. ती सांगणाऱ्या गरिबाला एक गोष्ट पक्की कळली होती : गड राजाच्या नावावर, जीव मात्र तेलणीचा.

शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात गिरणी काढली. २००३ साली ती बंद पडली. गिरणीचं नाव राहिलं. साचे चालवणाऱ्यांची नावं किती जणांना ठाऊक आहेत? १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झालं. त्यासाठी गोळ्या झेललेल्या हुतात्म्यांत गिरणी कामगार होते. हा तटही कष्टकऱ्याच्याच जिवावर उभा आहे.

तेव्हा उद्या कुणी ही म्हण तोंडावर फेकली, तर मान खाली घालू नका. सांगा : “साहेब, यादव सिंघणाने भोजाचं राज्य घेतलं, आठशे वर्षं झाली. गंगूचं नाव अजून पन्हाळ्यावर घेतात. आता पगाराचं बोला!”