वाट निवडताना शिखर नव्हे, माणूस पाहावा

पावसाळा ओसरला, की घरोघरी एक बेत शिजू लागतो. एखाद्या रविवारी सर्वांनी मिळून डोंगरावर जाऊन यावे, असे मनात येते. बेत उत्तम असतो. परंतु कोठे जावयाचे, हे ठरविताना आपण बहुधा डोंगराचे नाव पाहतो, सोबतची माणसे पाहत नाही. ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून आज तिच्याविषयी लिहितो.

आमच्या खर्डीच्या परिसरात निवडीला तोटा नाही. एका अंगाला तानसा अभयारण्याचे सागवन आहे, दुसऱ्या अंगाला सह्याद्रीची भिंत. आसनगावाजवळ माहुली, डेहण्याजवळ आजोबाचा डोंगर, मुरबाडकडे गोरखगड आणि नाणेघाट. सकाळी निघून सायंकाळी घरी परतावे, अशी ही ठिकाणे आहेत.

काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरात आम्ही माहुली निवडला. सुमारे 2815 फूट उंचीचा, शहाजीराजांच्या इतिहासाशी जोडलेला हा किल्ला मुलांना दाखवावा, एवढाच विचार मी केला. सोबत माझे भावोजी होते. वय साठीच्या पुढे, रक्तदाबाची गोळी चालू. गाडी चुकल्यामुळे पायथ्याशी पोहोचेतो साडेनऊ वाजले होते. तासाभराच्या चढणीनंतर एरवी बोलके असणारे भावोजी एकाएकी गप्प झाले. मी विचारले, “भावोजी, थांबायचे का?” ते म्हणाले, “नको, मुले काय म्हणतील?” पुढच्याच वळणावर त्यांच्या पोटऱ्यांत गोळे आले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. सोबतच्या गावकऱ्याने त्यांना झाडाखाली बसविले व मला म्हणाला, “डोंगर काय पळून जात नाय, दादा. आधी माणूस सांभाळा.” दोन तासांनी आम्ही हळूहळू खाली उतरलो. मुले हिरमुसली, पण भावोजी सुखरूप घरी आले.

त्या दिवसापासून वाट निवडताना मी तीन प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न : आपल्यात सर्वांत हळू कोण चालते? सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास, हा गिर्यारोहकांचा जुना हिशेब आहे. तो धडधाकट माणसाचा. मुले व वडीलधारी सोबत असतील, तर त्याच्या दुप्पट वेळ धरावा. चालता चालता गप्पा मारता येत असतील, तर वेग योग्य. वाक्य तुटू लागले, की थांबावे. रक्तदाब, मधुमेह वा हृदयविकाराची औषधे घेणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. लघवीचे प्रमाण वाढविणाऱ्या गोळ्या चालू असल्यास उन्हात शरीरातील पाणी व क्षार लवकर घटतात.

दुसरा प्रश्न : सावली आणि पाणी कोठे आहे? अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोजवळ म्यूर वूड्स नावाचे रेडवूड वृक्षांचे वन आहे. 1908 साली त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. ती झाडे सदाहरित, आणि समुद्रावरून येणारे धुके त्यांना उन्हाळ्यातही गारवा देते. परदेशातील नातलगांची तेथील छायाचित्रे पाहून आपल्यालाही मोह होतो. परंतु आपले सागवन पानझडी आहे. श्रावणात ज्या वाटेवर दाट छाया असते, तीच वाट एप्रिलमध्ये उघडी पडते. म्हणून नोव्हेंबर ते जानेवारी हे महिने कुटुंबासाठी उत्तम. माणशी किमान दोन लिटर पाणी घरूनच न्यावे. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून तयार केलेली एक बाटलीही सोबत असावी.

तिसरा प्रश्न : परत केव्हा फिरावयाचे? ही वेळ घरून निघतानाच ठरवावी आणि शिखर समोर दिसत असले तरी पाळावी.

या तीन प्रश्नांनी निवड आपोआप सोपी होते. गोरखगडाच्या कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्या लहान मुलांसाठी नव्हेत, आणि उंचीचे भय असणाऱ्यांसाठीही नव्हेत. नाणेघाटाची चढण लांब आहे. पण सातवाहनकालीन लेणे आणि जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण पाहावयास शाळकरी मुले उत्साहाने चढतात. आजोबाच्या डोंगरात तर एकाच वाटेवर दोन सहली आहेत. दाट झाडीतून वाल्मिकी आश्रमापर्यंतची चाल बहुतेकांना झेपते. तेथून वरचा सीतेचा पाळणा मात्र सराव असणाऱ्यांनीच गाठावा. अभयारण्यात जाताना वनविभागाची परवानगी घ्यावी, आणि तलावाच्या पाण्यात उतरू नये.

एक सूचना सर्वांसाठी. पाचोळ्यात पाय टाकताना काठी आपटत चालावे. बूट घोट्यापर्यंतचे असावेत. सर्पदंश झाल्यास चिरणे, चोखणे, करकचून बांधणे यांपैकी काही करू नये. तो अवयव हलू न देता रुग्णास त्वरित रुग्णालयात न्यावे. 108 वर रुग्णवाहिका मिळते. उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात समजून अंग ओले करावे, वारा घालावा आणि रुग्णालय गाठावे.

पुढल्या डिसेंबरात आम्ही पुन्हा निघालो, या वेळी आश्रमापर्यंतच. पहाटेच्या गारव्यात भावोजी सर्वांत पुढे होते आणि वाटभर बोलत होते. तरुण मंडळी वर पाळण्याकडे गेली. आम्ही दोघे झाडाखाली दशम्या सोडून बसलो. वर न गेल्याची खंत त्यांच्या चेहऱ्यावर मला कोठेही दिसली नाही.