विद्येच्या पंगतींतील पंक्तिभेद

एकाच पंगतींत बसलेल्या दोघांपैकीं एकास तूप वाढावें व दुसऱ्यास वगळावें, यास आपण पंक्तिभेद म्हणतों व तो मोठा दोष मानतों. हाच दोष हल्लीं विद्येच्या पंगतींत नव्या रूपानें शिरला आहे.

सन २०२० च्या मार्च महिन्यांत साथीमुळें शाळा बंद झाल्या आणि धडे मोबाईलवर येऊं लागले. ज्याच्या घरीं यंत्र, त्याचीच शाळा चालू राहिली. हें होणारच होतें. २०१७-१८ सालच्या सरकारी नमुना पाहणींत देशांतील खेड्यांत शेंकडा सुमारें ४ घरांतच संगणक आढळला होता, शहरांत २३ घरांत. इंटरनेटची सोय खेड्यांत १५, तर शहरांत ४२ घरांस होती.

कोणी म्हणतील, आतां घरोघर मोबाईल आहे. तें बरेंच खरें आहे. परंतु घरांत यंत्र असणें निराळें, आणि अभ्यासाकरितां तें मुलांच्या हातीं येणें निराळें. आमच्या आमगांवाकडे धानाच्या रोवणींत मोबाईल वडिलांबरोबर बांधीवर जातो, व रात्रीं परत येतो तेव्हां मुलें झोपेला आलेलीं असतात. २०२४ च्या ‘असर’ पाहणींत चवदा ते सोळा वर्षांच्या ग्रामीण मुलामुलींपैकीं सुमारें ९० टक्क्यांच्या घरीं स्मार्टफोन होता. मात्र तो चालवितां येणाऱ्यांत स्वतःचा फोन ३६ टक्के मुलग्यांजवळ, तर २७ टक्केच मुलींजवळ होता. म्हणजे हा पंक्तिभेद एकाच घरांतील भावाबहिणींतही आहे.

रयतेच्या श्रमाचा पैसा, आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गास, अशी तक्रार महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें मांडली होती. साधनें बदललीं, तरी तिचें मर्म जुनें झालेलें नाहीं.

आमचें मत असें कीं, जें साधन शाळा पुरवूं शकत नाहीं, त्यावांचून न होणारा गृहपाठ तिनें देऊं नये. संगणकाची खोली शाळा सुटल्यावर तासभर उघडी असावी, व ज्यांच्या घरीं संगणक नाहीं त्यांस तेथें पहिला मान असावा. पालकांनींही रोज सायंकाळीं ठराविक वेळ मोबाईल मुलांच्या स्वाधीन करावा, आणि तो वेळ मुलगा व मुलगी यांस सारखा वांटून द्यावा.

विद्यार्थी मित्रहो, ज्यांस हें साधन लाभलें आहे, त्यांनीं सोबत्यास शेजारीं बसवून घ्यावें. प्रभूनें पांच भाकरी व दोन मासे वांटण्यापूर्वीं सर्व लोकांस गवतावर पंक्तींनीं बसविलें होतें. त्या पंगतींतून कोणीही उपाशी उठला नाहीं.