मोसम पुढे ढकलला, तो निर्णय चुकला का?

११ ऑगस्ट २०२० रोजी अमेरिकेतील ‘बिग टेन’ आणि ‘पॅक-१२’ या विद्यापीठांच्या दोन गटांनी कॉलेज फुटबॉलचा मोसम पुढे ढकलला. हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. हेल्मेट घालून एकमेकांवर धडकण्याचा हा खेळ. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्येच लाखावर माणसे बसतात, त्यावरून त्यात किती पैसा आहे याची कल्पना यावी. साहजिकच ओरड झाली. खेळाडूंनीही ‘आम्हाला खेळायचे आहे’ अशी मोहीम चालवली. संघाबरोबर असलो तर डॉक्टर आणि चाचण्या मिळतात, घरी पाठवल्यावर कोण बघणार, हा त्यांचा मुद्दा खोटा नव्हता.

विशीतला धडधाकट मुलगा कोविडमधून बहुधा बरा होतो, हे तेव्हाही दिसत होते. धास्ती होती ती मायोकार्डायटिसची, म्हणजे हृदयाच्या स्नायूला येणाऱ्या सुजेची. विषाणूजन्य आजारानंतर अशी सूज असताना जोरकस व्यायाम केला तर हृदयाचे ठोके घातक रीतीने बिघडू शकतात. तरुण खेळाडूंच्या अचानक मृत्यूचे हे एक माहीत असलेले कारण आहे. म्हणूनच असे निदान झालेल्या खेळाडूला तीन ते सहा महिने स्पर्धेपासून दूर ठेवतात.

सप्टेंबरमध्ये ओहायो स्टेट विद्यापीठातील डॉक्टरांनी कोविड होऊन गेलेल्या २६ खेळाडूंच्या हृदयाचे एमआरआय प्रसिद्ध केले. चौघांत सुजेच्या खुणा होत्या, म्हणजे १५ टक्के. पुढे २०२१मध्ये ‘बिग टेन’च्याच १,५९७ खेळाडूंची पाहणी आली, तेव्हा हे प्रमाण २.३ टक्के निघाले. ‘बघा, उगाच घाबरवले’, असे म्हणणाऱ्यांना हा आकडा आयताच मिळाला. पण २.३ टक्के म्हणजे ३७ मुले. केवळ छातीच्या तक्रारी असलेल्यांनाच तपासले असते, तर त्यातली फक्त ५ सापडली असती. एमआरआयवरच्या प्रत्येक खुणेतून पुढे धोका उद्भवतोच असे नाही, हेही खरे. मात्र ऑगस्टमध्ये निर्णय घेणाऱ्यांच्या हाती मोठी पाहणी नव्हती. नंतर कळलेल्या आकड्याने त्यांना चूक ठरवणे म्हणजे पेपर फुटल्यावर परीक्षा देण्यासारखे आहे.

शिवाय तो मोसम रद्द झालाच नाही. १६ सप्टेंबरला ‘बिग टेन’ने निर्णय फिरवला आणि ऑक्टोबरअखेर सामने सुरू केले. पण आता रोज अँटिजेन चाचणी होती. बाधित खेळाडूला किमान २१ दिवस सामन्यांपासून दूर राहावे लागे. ट्रोपोनिनची रक्तचाचणी, ईसीजी, इको आणि एमआरआय झाल्यावर हृदयरोगतज्ज्ञाने हिरवा कंदील दाखवला तरच मैदान. थांबलेल्या पाच आठवड्यांत ही व्यवस्था उभी राहिली. ती १,५९७ जणांची पाहणीही अशा तपासण्यांतूनच झाली.

आणखी एक गोष्ट. या मुलांना तेव्हा पगार नव्हता, फार तर शिष्यवृत्ती. कोविडबाबतचे कायदेशीर हक्क सोडून देण्याची अट खेळाडूंवर घालू नका, असे त्यांच्या राष्ट्रीय क्रीडा संघटनेला त्याच ऑगस्टमध्ये विद्यापीठांना बजावावे लागले. उत्पन्न एकाचे आणि जोखीम दुसऱ्याची असेल, तेव्हा ‘मुलांनाच खेळायचे आहे’ हे कारण अपुरे पडते.

पोलीस भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या आपल्याकडच्या मुलांनाही हे लागू आहे. ताप उतरला की दुसऱ्याच दिवशी १,६०० मीटरची वेळ लावायला जाऊ नये. धावताना छातीत दुखले, धडधडले, नेहमीपेक्षा जास्त दम लागला किंवा चक्कर आली, तर सराव तिथेच थांबवून आधी डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढून घ्यावा.