कालव्याची वाट चालणाऱ्यांना हवी

"डॉक्टर, चाला म्हणता, पण चालायचे कुठे?" हा प्रश्न मला दवाखान्यात नेहमी ऐकावा लागतो. पुणेकराला व्यायाम म्हटला की पर्वती आठवते. ज्याला झेपते त्याने ती जरूर चढावी. पण साठी उलटलेल्या, गुडघे कुरकुरणाऱ्या माणसाला मी पर्वतीच्या पायथ्याची वाट सांगतो. ही वाट मुठा उजव्या कालव्याच्या काठची.

खडकवासल्याचे धरण १८७९ साली पूर्ण झाले. त्याचे पाणी हा कालवा शहरातून हडपसरकडे व पुढे इंदापूरपर्यंत नेतो. कालव्याचा उतार अगदी अल्प असतो, त्यामुळे काठावरून चालताना चढ जाणवत नाही. दम लागत नाही, गुडघ्यांवर ताण कमी येतो. पोर्तुगालच्या डोंगराळ मदेरा बेटावर पंधराव्या शतकापासून असेच पाट खोदले गेले. पाटकऱ्यांसाठी ठेवलेल्या त्या वाटांवर आज जगभरचे लोक मुद्दाम चालायला जातात.

आपल्या वाटेवर मात्र कुठे कचरा, कुठे राडारोडा, कुठे अतिक्रमण. २७ सप्टेंबर २०१८ रोजी दांडेकर पुलाजवळ कालव्याची भिंत फुटून वस्तीत पाणी शिरले, संसार वाहून गेले. माझ्या मते ज्या काठावर रोज माणसे चालतात, तिथली गळती लवकर नजरेस येते.

आता खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत बोगद्यातून पाणी नेण्याची योजना आहे. ती झाली तर शहरातली कालव्याची जागा मोकळी होईल. तिथे मोटारींसाठी रस्ता करण्याचा मोह होणारच. तो आवरावा. झाडांच्या सावलीतली सलग, सपाट पायवाट मधुमेह व रक्तदाबाच्या रुग्णांना औषधाइतकीच उपयोगी आहे. वाचकहो, आपल्या नगरसेवकाला हे आजच सांगा.

तोवर जिथे काठ रुंद व पक्का असेल तिथे चाला. आठवड्यातून पाच दिवस, रोज तीस मिनिटे, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. मधुमेह असल्यास अनवाणी चालू नका. छातीत दुखले तर लगेच थांबा व डॉक्टरांना गाठा. पावसाळ्यात निसरड्या काठापासून दूर राहा, आणि नातवंडांचा हात सोडू नका. पाणी संथ दिसले तरी त्याला ओढ असते.