काचेमागचा पाहुणचार

१ डिसेंबर २०२३ रोजी नवा रायपूरच्या शहीद वीर नारायण सिंह स्टेडियमवर भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात वीस षटकांचा सामना झाला. भिलाई, दुर्ग, राजनांदगावकडून आपले पुष्कळ साथी बायकामुलांसह तो पाहायला गेले होते. त्याच दिवशी वर्तमानपत्रांतून एक बातमी आली. या स्टेडियमचे तीन कोटी सोळा लाख रुपयांचे वीजबिल थकलेले असून कायमची जोडणी पाच वर्षांपूर्वीच तोडलेली आहे, असे त्या बातमीत होते. क्रिकेट संघटनेच्या विनंतीवरून तात्पुरती जोडणी देण्यात आली, पण ती फक्त प्रेक्षकांची गॅलरी आणि बॉक्स यांच्यापुरती. ज्या दिव्यांच्या उजेडात खेळ झाला, ते दिवे जनरेटरवर चालवावे लागले.

आपल्यापैकी कुणाचे दोन महिन्यांचे बिल थकले तर लाइनमन शिडी घेऊन दारात उभा राहतो. तो बिचारा हुकमाचा ताबेदार, त्याच्यावर राग नाही. पण थकबाकी कोटींत गेली की जोडणी पुन्हा मिळते, आणि ती बॉक्सपर्यंत पोहोचते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

हे स्टेडियम ज्यांच्या नावाने उभे आहे ते वीर नारायण सिंह सोनाखानचे जमीनदार. १८५६ च्या दुष्काळात सावकाराच्या कोठारातले धान्य त्यांनी उपाशी रयतेत वाटले. इंग्रजांनी त्यांना १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात फाशी दिली. पुढे सव्वाशे वर्षांनी शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालील खाण कामगारांनी हे नाव दल्ली राजहऱ्यापासून भिलाईच्या वस्त्यांपर्यंत पुन्हा जागवले. नियोगींची हत्या २८ सप्टेंबर १९९१ रोजी याच भिलाईत झाली. कोठार फोडणाऱ्याचे नाव दरवाजावर कोरायचे आणि आत वरच्या मजल्यावर नवी कोठारे बांधायची, असा हा प्रकार आहे.

बॉक्स म्हणजे काय हे ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. मैदानाच्या वरच्या अंगाला काचेची खोली असते. थंड हवा, गुबगुबीत खुर्च्या, जेवण, पेये, स्वतंत्र दार, स्वतंत्र जिना, गाडी लावायला राखीव जागा. सामान्य माणसाला तिचे तिकीट परवडण्यासारखे नसते. कंपनी अख्खी खोली घेते, एका सामन्यासाठी किंवा सबंध मोसमासाठी, आणि आपल्या पाहुण्यांना बोलावते. इंग्रजीत याला हॉस्पिटॅलिटी म्हणतात. मराठीत आपण पाहुणचार म्हणू, पण आपल्याकडे पाहुणचार यजमान स्वतःच्या शिध्यातून करतो. इथे खर्च कंपनीच्या हिशेबात धंद्याचा खर्च म्हणून पडतो, तेवढा नफा कमी दिसतो आणि तेवढा कर कमी बसतो. पूर्वी आयकर कायद्यात अशा करमणूक खर्चाच्या वजावटीला मर्यादा होती. उदारीकरणाच्या लाटेत १९९७ च्या वित्त कायद्याने ती उठवली. आता उलट बाजू पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून आयपीएलच्या तिकिटावर चाळीस टक्के जी.एस.टी. लागतो, आणि आंतरराष्ट्रीय सामन्याचे तिकीट पाचशे रुपयांच्या वर गेले की अठरा टक्के. पोराला वर्षातून एकदा सामना दाखवणारा ट्रॅकमन हा कर खिशातून भरतो, आणि त्याला तो कोणत्याही खर्चात दाखवता येत नाही.

हे केवळ रायपूरचे नाही. रायपूरचे स्टेडियम तसे कालचे. ज्या मैदानाला इतिहास म्हणता येईल त्या मुंबईच्या वानखेडेची कथा पाहिली की गाडी कुठल्या स्टेशनातून सुटून कुठे पोहोचली ते कळते. चर्चगेट आणि मरीन लाइन्सच्या मधे, पश्चिम रेल्वेच्या रुळांना लागून हे मैदान आहे. ते बांधले गेले तेच मुळी तिकिटांच्या भांडणातून. त्याआधी मुंबईचे कसोटी सामने जवळच्या ब्रेबॉर्नवर होत, आणि ब्रेबॉर्न मालकीचे होते क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या. शहराच्या क्रिकेट संघटनेला किती तिकिटे द्यायची यावरून कुरबुर चालू होती, ती १९७३ च्या इंग्लंडविरुद्धच्या सामन्यानंतर विकोपाला गेली. शेषराव वानखेडे त्या वेळी विधानसभेचे अध्यक्ष होते आणि क्रिकेट संघटनेचेही पुढारी. गृहस्थ आपल्या नागपूरकडचे. त्यांनी हट्टाने नवे मैदान उभे केले आणि जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धची कसोटी तिथे खेळली गेली. क्लबाच्या मेहेरबानीवर राहायचे नाही, आपली तिकिटे आपल्या हातात हवीत, ही त्यामागची जिद्द होती. नॉर्थ स्टँडच्या बाकांवर गोदीतला, गिरणीतला, लोकलमधून उतरलेला माणूस दाटीवाटीने बसत असे, आणि खेळाडू त्या स्टँडला वचकून असत.

२०११ च्या विश्वचषकासाठी वानखेडेची पुनर्बांधणी झाली. जुनी बाके गेली, खुर्च्या आल्या, वर बॉक्स आले. पूर्वी चाळीस हजारांहून अधिक माणसे मावत, तिथे आता तेहतीस हजारांच्या आसपास मावतात. २ एप्रिल २०११ च्या अंतिम सामन्याला जाहीर विक्रीसाठी उरली सुमारे चार हजार तिकिटे! बाकीची सगळी कंपन्यांनीच नेली असे म्हणणे खोटे ठरेल. मोठा वाटा संघटनेशी जोडलेल्या क्लबांचा होता, दुसरा आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचा आणि तिच्या पुरस्कर्त्यांचा. पण ज्या भांडणातून हे मैदान जन्मले ते भांडण छत्तीस वर्षांत पूर्ण उलटे फिरले. क्लबाविरुद्ध तिकिटे मागणारी संघटना स्वतःच क्लबांची झाली आणि रांगेतला माणूस होता तिथेच राहिला, किंबहुना चार पावले मागे गेला.

त्यातही सार्वजनिक पैसा आहेच. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने सामन्यांच्या पोलीस बंदोबस्ताचे शुल्क कमी केले, आणि ही सवलत २०११ पासून मागे लागू केली. मुंबई उच्च न्यायालयात २०२४ साली त्याविरुद्ध जनहित याचिका आली, तेव्हा जगातल्या सर्वांत श्रीमंत क्रिकेट मंडळाला ही सूट कशासाठी, असा सवाल न्यायालयानेही केला. सामन्याच्या रात्री जादा गाडी सोडायची तर मोटरमन, गार्ड, पॉइंट्समन यांची ड्युटी लांबते. त्याचे बिल कुणी कुणाला पाठवत नाही. आमचे म्हणणे गाडी सोडू नये असे मुळीच नाही. लोकांसाठी गाडी सोडणे हे तर आपले कामच.

आता मुद्द्यावर येऊ. या काचेमागे बसतो कोण? ज्याच्याकडून कंत्राट हवे, ज्याची सही हवी, ज्याने निविदेतली अट जरा सैल करावी असे वाटते, तो. मित्राला बोलवायचे तर माणूस घरी बोलावतो. कंपनीला मित्र नसतात, तिला कामे असतात. आणि देशात सर्वांत मोठी कंत्राटे कुठे निघतात? रेल्वेत, टपालात, सार्वजनिक उद्योगांत.

केंद्र सरकारी नोकरांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतला नियम १३ आपण सर्वांनी ऐकलेला आहे. रेल्वेच्या १९६६ च्या नियमांतही क्रमांक तोच आहे. भेटवस्तू घेऊ नये, असा तो नियम. पोस्टमनला दिवाळीत कुणी मिठाईचा पुडा आणि पन्नास रुपये दिले आणि ईर्षेने कुणी अर्ज केला, तर हाच नियम दाखवून रूल १६ चा मेमो हातात पडू शकतो. टी.सी.ला प्रवाशाने चहा पाजला तरी साहेबांच्या भुवया वर जातात, आणि एस.एफ. ११ टाइप व्हायला वेळ लागत नाही. मंजुरीशिवाय घेता येणाऱ्या भेटीची मर्यादा २०१९ पासून गट ‘क’साठी दोन हजार रुपये आहे, वरच्या गटांसाठी पाच हजार. हे सर्व आपल्याला तोंडपाठ करवले जाते. पण त्याच नियमाखाली एक टीप आहे, ती क्वचितच कुणी वाचून दाखवतो. ज्या व्यक्तीचा, उद्योगाचा वा व्यापारी संस्थेचा आपल्याशी कार्यालयीन संबंध येतो, त्यांच्याकडून डामडौलाचा किंवा वारंवारचा पाहुणचार सरकारी नोकराने टाळावा, असे ती टीप सांगते. साधे जेवण, वाटेतली लिफ्ट याला त्यात सूट आहे. काचेची खोली, दिवसभराचे खानपान आणि घरच्या चौघांसाठी पास हे ‘साधे जेवण’ आहे का, याचे उत्तर द्यायला कायदेपंडित लागत नाही. नियम एकच आहे. खालच्याला तो रुळासारखा लोखंडी आणि वरच्याला रबरी, एवढाच फरक.

मैदानावरच्या पाहुणचारात कोण आत आणि कोण बाहेर, हा प्रश्न क्रिकेटइतकाच जुना आहे, आणि तो पहिल्यांदा ज्याने सोसला तो रेल्वेचा माणूस होता, हे आपल्या तरुण साथींना ठाऊक असावे. पळवणकर बाळू. चर्मकार कुटुंबातला मुलगा. १८९२ च्या सुमारास पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळी लावायची, आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचा. डावखुरी फिरकी अशी की पुण्याच्या हिंदू संघाला त्याच्याशिवाय गत्यंतर उरले नाही. संघात घेतले, पण चहाच्या वेळी इतर खेळाडू आत चिनी मातीच्या कपातून चहा घेत आणि बाळूला बाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. पुढे मुंबईत तो बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरीला लागला आणि रेल्वेच्या संघातून खेळला. म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेचा, त्याच चर्चगेटच्या लाइनचा माणूस. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. जातीच्या अपमानाची आणि महागड्या तिकिटाची बरोबरी करणे चूक होईल. ते दुःख वेगळ्या जातकुळीचे होते. पण ज्याच्या हाताने खेळपट्टी तयार होते त्याचा कप बाहेर, ही रीत मात्र पुरती गेलेली नाही.

जानेवारी २०२५ मध्ये वानखेडेच्या पन्नाशीचा सोहळा झाला. टपाल खात्याचे तिकीट निघाले. मुंबईच्या मैदानांवर राबणाऱ्या कर्मचाऱ्यांचा सत्कार झाला, त्यांना जेवण आणि भेटवस्तूंची पिशवी मिळाली. चांगलेच झाले, आम्ही नाक मुरडणार नाही. पण बॉक्समध्ये ताटे उचलणारी पोरे, दाराशी उभे राहणारे रखवालदार, सामना संपल्यावर मध्यरात्री कचरा गोळा करणाऱ्या बाया यांचे काय? एक दिवसाचे काम, एक दिवसाची हजेरी, ठेकेदार वेगळा, त्याच्या खाली पोटठेकेदार वेगळा. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातही अधूनमधूनच्या कामाला वगळलेले होते, आणि निदान वीस माणसांच्या ठेकेदाराला तो लागू होई. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत हा आकडा पन्नासवर गेला. चाळीस पोरे पुरवणारा ठेकेदार आता त्या प्रकरणाच्या बाहेर. जिथे पाहुण्याला काय हवे-नको ते हात जोडून विचारले जाते, तिथे वाढणाऱ्याच्या मजुरीची पावती विचारायला कुणी नाही.

भिलाईत बसून हे लिहिताना डोळ्यांपुढे वेगळे मैदान येते. १९५५ चा सोव्हिएत करार, १९५९ ची पहिली झोतभट्टी, आणि कारखान्याबरोबर सेक्टरागणिक वस्ती, शाळा, दवाखाना, मैदान. ज्या रुळांवरून आपल्या गाड्या धावतात ते रूळ इथेच घडवले जातात. भिलाईच्या राजेश चौहानांनी एकवीस कसोटी सामने खेळले आणि त्यांतला एकही भारताने गमावला नाही. १९९७ मध्ये कराचीत सकलैनला मारलेला त्यांचा षटकार तर आजही मार्शलिंग यार्डातल्या गप्पांत निघतो. सेक्टरमधल्या मैदानांवर सामना पाहायला तिकीट लागत नाही, सायकल कुंपणाला टेकवली की झाले. ज्या दिवशी कुणी या मैदानांच्या ‘विकासा’चा आराखडा घेऊन येईल, त्या दिवशी आपण नकाशावर आधी बॉक्स किती ते मोजू.

तोपर्यंत करण्यासारखे एक काम आहे. क्रिकेट मंडळ माहितीच्या अधिकाराबाहेर राहण्यात यशस्वी झाले आहे. २०२५ च्या क्रीडा प्रशासन कायद्यानेही सरकारी अनुदान न घेणाऱ्या संस्थांना त्यातून मोकळे ठेवले. पण आपले अधिकारी त्या अधिकाराबाहेर नाहीत. प्रत्येक शाखेने आपापल्या विभागीय कार्यालयाकडे दोनच प्रश्नांचा अर्ज करावा. गेल्या तीन वर्षांत नियम १३ खाली पाहुणचार वा सामन्याचे पास घेतल्याच्या किती नोंदी वरच्या गटांतील अधिकाऱ्यांनी केल्या? आणि त्याच काळात त्याच नियमाखाली गट ‘क’च्या किती कर्मचाऱ्यांना आरोपपत्रे दिली? उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. अर्जाला दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडता येते, आणि उत्तरे आली की ती आम्हाकडे पाठवावीत. विभागवार छापू.