पी. डिमेलो रोडवर मरायचं कुणी?

गोदीच्या भिंतीला लागून जो रस्ता जातो त्याला इंग्रज फ्रिअर रोड म्हणायचे. आता तो पी. डिमेलो रोड. प्लॅसिड डिमेलो म्हणजे गोदी कामगारांचा पुढारी. या बंदरातल्या मजुराला मान वर करून हक्काची मजुरी मागायला ज्यांनी शिकवलं त्यांतला एक. त्याचं नाव पाटीवर आहे. त्या पाटीखालून सणाणत जाणाऱ्या किती साहेबांना डिमेलो कोण ते ठाऊक असेल? नसणारच. पाटी वाचायला गाडी हळू करावी लागते.

मी या गोदीत ठेकेदाराकडे काम करतो. मॅट्रिक आहे, कविता लिहितो, ते इथं बाजूला ठेवा. मला या रस्त्याबद्दल बोलायचंय.

गेटाच्या आत क्रेनला १५-२० टनांची स्टीलची कॉइल लटकते. सिग्नलवाला 'हबेस' म्हणाला की ती वर जाते, 'आरिया' म्हणाला की खाली येते. खाली माणूस दिसला की सगळं थांबतं. मुकादम कितीही हरामी असला तरी थांबवतो, कारण माणूस चिरडला तर जहाजाचं काम अडतं. गेटाबाहेर पाऊल टाकलं की हिशेब उलटा. तिथं वजनानं थांबायचं नाही, माणसानं थांबायचं. दीड टनाची मोटार अंगावर येते आणि तिला आरिया म्हणणारा कुणी नाही.

२०१३ साली इस्टर्न फ्रीवे सुरू झाला. वर ८०ची परवानगी. तीच गाडी ऑरेंज गेटला खाली उतरते तेव्हा तिचा पाय अजून फ्रीवेवरच असतो. खाली रात्रपाळी सुटलेली माणसं, डोक्यावर हंडा घेतलेल्या बाया, फुटपाथावर लावलेल्या ट्रेलरमुळं रस्त्यातून चालणारी पोरं. पाटी असते, पण रस्ता सरळ, रुंद, मोकळा. पाटी म्हणते हळू, रस्ता म्हणतो सोड. माणूस रस्त्याचं ऐकतो. बरं, कायदा तरी किती हळू म्हणतो? केंद्र सरकारनं २०१८ साली शहरातल्या रस्त्यांवर मोटारीला कमाल ७०ची मुभा दिली. राज्याला ती कमी करता येते. ७० म्हणजे एका सेकंदात एकोणीस मीटर. म्हातारा माणूस दोन पावलं टाकेपर्यंत गाडी त्याच्यावर. शाळेत शिकलेलं एक अजून लक्षात आहे : वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. साहेबाच्या पोरालाही हे शिकवलेलं असतं. त्याला मार्कही माझ्याहून जास्त पडलेले असतात.

आमच्या टोळीतल्या एकाचा पाय गेला. पहाटे साडेपाचला, गेटासमोर. गाडी थांबली नाही, सापडलीही नाही. कागद लिहिणाऱ्यानं पहिला प्रश्न काय विचारावा? 'झेब्रावरून का नाही गेलास?' झेब्रा अर्धा मैल लांब. आठ तास माल ओढलेल्या माणसानं अर्धा मैल जायचं, पलीकडे उतरायचं आणि अर्धा मैल परत यायचं, का? तर साहेबाला ब्रेक लावावा लागू नये म्हणून. गाडी सापडली नाही तर सरकारी योजनेत मेलेल्याचे २ लाख आणि जबर जखमीचे ५० हजार. हा भाव २०२२ साली वाढवलेला. आधी मेलेल्याचे २५ हजार होते. आमचा दोस्त आता भावाच्या वडापावच्या गाडीवर कांदे कापतो.

'ती माणसं मधेच येतात' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. दोस्तांनो, हे वाक्य जुनं आहे. पेशवाईत सवर्ण येत असला तर अस्पृश्यानं रस्त्यावर यायचं नाही, सावली पडते. पुण्यात कमरेला झाडू, गळ्यात मडकं. लाहोरला होऊ न दिलेल्या १९३६च्या भाषणात बाबासाहेबांनी हे लिहून ठेवलंय. तेव्हा आपल्या सावलीनं रस्ता बाटायचा, आता आपल्या अंगानं रस्ता अडतो. २००६ साली कार्टर रोडच्या फुटपाथावर झोपलेल्या मजुरांवर गाडी चढली, सात मेले. ते कोण होते? रस्त्याच्या कामावर आणलेले मजूर. रस्ता करायचा आपण आणि मरायचंही त्याच्याच कडेला. २०१५ साली वांद्र्याच्या अशाच एका खटल्याचा निकाल लागला, तेव्हा एका गायकानं जाहीर लिहिलं की रस्त्यावर झोपणारा कुत्रा कुत्र्याच्या मौतीनंच मरणार. घर का नाही, हे त्याला विचारावंसं वाटलं नाही. आणि २०२४ साली पुण्यात अल्पवयीन पोराच्या भरधाव गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले, तेव्हा पोराला जामीन देताना एक अट होती : ३०० शब्दांचा निबंध. लोक खवळले म्हणून आदेश फिरला. च्यायला, ३०० शब्द! या पानावर मी त्याहून जास्त लिहिलेत आणि मी कुणाला मारलेलं नाही.

पण सगळे ड्रायव्हर एका मापानं मोजू नका. ट्रेलरवाला आणि मोटारवाला हे दोन वेगळे प्राणी आहेत. ट्रेलरवाल्याला फेरीवर पैसे. गेटावर चार तास खोळंबला की ते चार तास तो रस्त्यावर वसूल करतो. त्याचा वेग मालकाच्या हिशेबाचा असतो. माणूस मेला तर आत तो जातो, मालक दुसरा ड्रायव्हर ठेवतो. नव्या कायद्यात पळून जाणाऱ्याला दहा वर्षांचं कलम आणलं तेव्हा जानेवारी २०२४ला हेच ड्रायव्हर संपावर गेले आणि कलम बाजूला ठेवावं लागलं. पळाला नाही तर जमाव ठेचतो, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तरीही ट्रेलर अंगावरून गेला की हाड मोडतंच. त्याची फेरी बंद करून तासावर पगार द्या, मग वेगाबद्दल त्याच्याशी बोलू. मोटारवाल्याला कुणी फेरीवर ठेवलेलं नाही. त्याला नुसती दहा मिनिटं वाचवायची असतात.

सरकारचा उपाय बघा. शिवडीहून अटल सेतू निघाला, पलीकडे कोस्टल रोड झाला, दोन्ही २०२४चे. दोन्हीकडे मोटारसायकलला बंदी, सुरक्षेसाठी म्हणे. म्हणजे वेगवाल्याला वेगळा रस्ता आणि पोटासाठी दुचाकी दामटणाऱ्यानं खाली ट्रेलरच्या चाकांमधून वाट काढायची. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली ७१ टक्के अतिवेगापायी, असं सरकारच सांगतं. चालणारे ३२,८२५. मेलेल्याच्या जातीचा रकाना त्या अहवालात नाही.

एक कडू गोष्ट आपल्याच पोरांना. १४ एप्रिलला सायलेन्सर काढून, तिघं तिघं बसून वस्तीतून गाडी काढता, त्यात कसली क्रांती? समोर आपलीच आजी काठी टेकत असते.

'घरी कुणीतरी वाट पाहतंय' असले बोर्ड आपल्याला नकोत. दंडही नको, दंड हे पैसेवाल्याचं तिकीट आहे. प्रत्येक गेटासमोर आणि प्रत्येक वस्तीसमोर उंच उचललेला झेब्रा पाहिजे, ज्यावर मर्सिडीजचंही पोट घासेल. दिवे पाहिजेत. फुटपाथावरचे ट्रेलर हटले पाहिजेत. बंगल्यांच्या गल्लीत गतिरोधक एका अर्जावर बसतो. आपला अर्ज रिकाम्या हातानं जायला नको.

म्हणून काम सोपं आहे. विजेचे दोन खांब धरा, मधलं अंतर पावलांनी नाही, टेपनं मोजा. ५० मीटर असेल तर ५०च्या वेगानं गाडीला साडेतीन सेकंदांहून थोडं जास्त लागतं, ८०नं सव्वादोन. मोबाइलवर सेकंद मोजा, वहीत वेळ आणि गाडीचा प्रकार लिहा. मी एकट्यानं एक रात्र केलं, साडेतीन सेकंद घेणारी गाडी शोधावी लागली. एका वहीला कुणी विचारत नाही. येत्या शनिवारी रात्रपाळी सुटताना ऑरेंज गेटला दहा जण पाहिजेत, टेप मी आणतो.